अक्षरं झाका, मग वाचा: फ्लेक्स, पत्रिका, बोर्ड आणि व्हिडिओ समजून घ्यायची रीत

गेली अठरा-एकोणीस वर्षं मी बेळगावातल्या शहापुरात डीटीपीचं काम करतोय. लग्नपत्रिका, फ्लेक्स, दुकानाचे बोर्ड, बारशाची कार्डं, सगळं. मराठी श्रीलिपीत, कन्नड नुडीत (ही टायपिंगची सॉफ्टवेअरं), आणि दोन्ही आणून कोरेल ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरात एकाच पानावर बसवायचं. हे जे खाली लिहितोय ते कॉलेजात शिकलेलं नाही, एका चुकीतून शिकलोय, ती आधी सांगतो.

एकदा रात्री शटर ओढायच्या टायमाला ओळखीचे एक मामा आले. थोरल्या भावाचं, आण्णांचं, निधन झालेलं, सकाळी सातच्या आत चौकात फ्लेक्स लागायला पाहिजे. फोटो म्हणून मोबाईलवरचा पुतण्याच्या लग्नातला दिला, डोक्याला फेटा आणि तोंडभर हसू. मी घाईत, वाढदिवसाची एक तयार फाईल उघडीच होती, मागं केशरी-जांभळे किरण फाकलेले, तीच घेतली, फोटो कट करून बसवला, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकलं, खाली शोकाकुल म्हणून घरच्यांची नावं, तारखा दोनदा तपासल्या, श्रद्धांजलीतला द्ध नीट पडलाय का तेही झूम करून बघितलं आणि प्रिंटला सोडलं. एक काना-मात्रा चुकली नव्हती. सकाळी नऊला मामांचा फोन. बाईकवरून जाणाऱ्या तिघा-चौघांनी वाढदिवस समजून घरी फोन केलेले, एकजण तर म्हणाला आण्णांकडं फोन द्या, विश करायचंय. मामा चिडले नाहीत. ‘अक्षरं बरोबर हाईत रे, खरं...’ एवढंच बोलले आणि ठेवला. (बेळगावच्या बाहेरच्यांसाठी: आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पुढंही येईल तसंच, सवय आहे.)

दुपारीच बदलून दिला, पैसे घेतले नाहीत. फिकट राखाडी मागची बाजू, फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला, भोवती काळी चौकट, वर एक हार. मजकुरातला एक शब्द बदलला नाही. आणि फोन यायचे थांबले.

तेव्हापासून मला हा किडा लागलाय. आपण वाचणं म्हणजे अक्षरं वाचणं समजतो, आणि फ्लेक्सवर तर अक्षर तिसऱ्या-चौथ्या नंबरला पोचतंय, आधी रंग, मग चेहरा, मग कोण मोठं कोण बारीक, आणि सिग्नल पडला असेल तर मग अक्षर. नंतर शोधाशोध केल्यावर कळलं की यावर अभ्यास करणारे लोक आहेत. १९९४ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातल्या न्यू लंडन नावाच्या गावात दहा अभ्यासक जमले होते आणि १९९६ मध्ये त्यांचा लेख छापून आला, गावावरून त्यांना न्यू लंडन ग्रुप असंच नाव पडलं. त्यांनी अर्थ पोचवायच्या पाच वाटा सांगितल्या: शब्द, दृश्य, आवाज, हावभाव आणि जागा म्हणजे मांडणी. ह्या वाटांना ते मोड म्हणतात, आणि दोन-तीन मोड एकत्र आले की तो मजकूर मल्टिमोडल. बघायला गेलं तर एकाच मोडची गोष्ट शोधून सापडायची नाही, साध्या वहीतल्या चिठ्ठीतसुद्धा अक्षर शांतपणे लिहिलंय की रागानं खरडलंय ते दिसतंच की.

तर आता रीत. क्रम मी माझ्या सोयीनं लावलाय, तुम्ही उलटसुलट करा, काही बिघडत नाही.

पहिलं काम, अक्षरं झाका. म्हणजे डोळे बारीक करून बघा, किंवा पंधरा फूट मागं सरा, किंवा मोबाईलवर फोटो काढून तो नखाएवढा करा. आणि बेळगावात तर ह्याहून सोपा उपाय आहे, जी लिपी येत नाही त्या लिपीतल्या बोर्डासमोर उभं राहा. कन्नड येत नसेल तर कन्नड, ते येत असेल तर खडेबाजारात एखादा उर्दू बोर्ड शोधा. मग कागदावर तीनच गोष्टी लिहा: कुठला रंग सगळ्यात जास्त आहे, माणूस आहे का आणि तो कुठं बघतोय, आणि सगळ्यात मोठी वस्तू कुठली. एवढ्यावर अंदाज करा की हे आनंदाचं आहे, दुःखाचं, विकायचं की दमात घ्यायचं. मग कुणाकडून तरी वाचून घ्या. दहातले सात-आठ बरोबर येतात, निदान माझे येतात. सरकारी नोटीस बघा, त्यात फोटो नसतो, पांढऱ्यावर काळं, मजकूर गच्च भरलेला, वर मधोमध दोन तोंडांच्या पक्ष्याचं चिन्ह म्हणजे कर्नाटकाचा गंडभेरुंड, खाली सही आणि शिक्का. कन्नडचं एक अक्षर येत नसलेला माणूससुद्धा लांबनंच म्हणतो, काहीतरी ऑफिसचं आलंय. त्याला नोटीस वाचता आली नाही, खरं नोटीस आहे हे वाचता आलं.

जे अंदाज चुकतात ते जपून ठेवा, त्यातच मजा असते. मामांच्या फ्लेक्सवर बाकीचे मोड एक बोलत होते आणि शब्द दुसरं. गाडीवरच्या माणसानं बहुमत कुणाचं ते बघितलं.

दुसरं, कोण केवढं आणि कुठं. इथं आमच्या धंद्यातलं सांगतो. वाढदिवसाचा फ्लेक्स करताना मजकुरावर दोन मिनिटं जातात आणि फोटोच्या साईजवर दोन तास. मधे ज्याचा वाढदिवस तो, कमरेपासून वर, वरच्या पट्टीत मोठे नेते एका ओळीत, त्यातला कुणाचा चेहरा दुसऱ्यापेक्षा दोन बोटं खाली गेला तर फाईल परत. खाली शुभेच्छुक, पासपोर्टपेक्षा लहान, एकाला एक चिकटून, कुणाचा गॉगल कुणाच्या खांद्यावर. ह्यात कुणी कुठं लिहिलेलं नसतं की हा ह्याचा माणूस आहे आणि तो त्याच्यापासून फुटलाय, खरं चौकातली पोरं एका नजरेत सांगतात. मागच्या वर्षी वरच्या पट्टीत असलेला चेहरा यंदा नसेल तर त्या रिकाम्या जागेचा पण अर्थ होतो. असं काय नाही ते बघायची सवय लावून घ्या, शब्दांमध्ये हे सापडणार नाही.

चेहरा कुठं बघतोय ह्याच्यावर गुंथर क्रेस आणि थिओ व्हान लीवेन ह्या दोन अभ्यासकांनी १९९६ मध्येच आलेल्या पुस्तकात बरंच लिहिलंय. त्यांचं म्हणणं असं की चित्रातला माणूस सरळ तुमच्याकडं बघत असेल तर तो तुमच्याकडं काहीतरी मागतोय, आणि दुसरीकडं बघत असेल तर तो स्वतःला फक्त बघायला ठेवतोय. हात जोडलेला उमेदवार कायम सरळ का बघतो ते लक्षात आलं असेल. आणि आमचे आण्णा फेटा बांधून सरळ बघत हसत होते, मग लोकांनी शुभेच्छा दिल्याच की. त्यांचंच आणि एक म्हणणं, वरच्या भागात स्वप्न असतं आणि खालच्या भागात व्यवहार. एनए म्हणजे बिगरशेती प्लॉटची जाहिरात काढून बघा, वर निळं आभाळ आणि बंगल्यासमोर चौघांचं कुटुंब, खाली स्क्वेअर फुटाचा दर, बसस्टँडपासून किती मिनिटं, मोबाईल नंबर. डावीकडं ओळखीचं आणि उजवीकडं नवीन असंही ते सांगतात, खरं ते डावीकडून उजवीकडं वाचणाऱ्यांसाठी, उर्दूवाल्याच्या पत्रकावर हे उलटं धरावं लागतं. आणि आपल्या फ्लेक्सवाल्यांना कुठं हे पुस्तकी माहीत असतंय, आम्ही जिथं जागा मिळेल तिथं ठोकतो, त्यामुळं डाव्या-उजव्याच्या नियमावर माझा फार भरवसा नाही. वर-खालीवर मात्र आहे.

वर-खालीचा सगळ्यात मोठा पुरावा तर कायद्यातच आहे. २०२४ मध्ये कर्नाटकानं कन्नड भाषेच्या कायद्यात दुरुस्ती केली, त्यात दुकानांच्या नामफलकावर ६० टक्के कन्नड पाहिजे आणि ते बोर्डाच्या वरच्या अर्ध्या भागात पाहिजे असं आलं. नुसतं ‘कन्नड असावं’ म्हटलं असतं तर लोकांनी कोपऱ्यात बारीक टाकलं असतं आणि शब्दांपुरतं काम झालं असतं. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यालाही ठाऊक होतं की शब्दाइतकाच त्याच्या आकाराला आणि जागेला अर्थ असतो. मग उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी आणि इंग्लिश दोन्ही बसवायचं म्हणजे माझं गणित सुरू होतं. गिऱ्हाईक काय करतात बघा: मराठी लहान होते तर तिला रंग देतात, नाहीतर नावाशेजारी चित्र टाकतात, एका भांडीवाल्यानं नाव लहान करून शेजारी हे एवढं तांब्याचं घंगाळ काढून घेतलं. घंगाळाला टक्केवारी लागत नाही ना.

जागा हा मोड किती जड असतो त्याचं आणि एक उदाहरण आमच्या शेजारीच आहे. यळ्ळूरला गावच्या वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य’ असं लिहिलेला फलक होता, जुलै २०१४ मध्ये प्रशासनानं तो काढला आणि त्यावरून काय काय झालं ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे, मी परत उगाळत नाही. मला फक्त एवढंच दाखवायचंय की तेच दोन शब्द पोराच्या वहीत लिहिले असते तर तो भूगोलाचा अभ्यास झाला असता. वेशीवर, दगडमातीत, येणाऱ्या-जाणाऱ्याकडं तोंड करून उभे केले की ती महाराष्ट्रात जायची मागणी होते. शब्द दोनच, उरलेलं सगळं जागेनं सांगितलं.

तिसरं, लिपीलाच चित्र म्हणून बघा. हे आम्हा सीमाभागवाल्यांना आईच्या दुधातून येतं, बाहेरच्यांना सांगावं लागतं. बोर्डावर देवनागरी दिसली म्हणजे मराठी असेलच असं नाही. ळ शोधा. ‘बेलगावी’ असं ल नं लिहिलं असेल तर ते हिंदी आहे, म्हणजे तो बोर्ड तुमच्या शेजाऱ्यासाठी नाही, बाहेरून आलेल्यासाठी आहे. ळ असेल तर लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर इथला मराठी माणूस होता. आणि शेवटी ‘व’ आहे का ‘वी’ तेही बघा, १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं नाव बेळगावी केलं, त्यामुळं एखाद्या मंडळाच्या बोर्डावर ‘बेळगाव’ आणि बँकेच्या बोर्डावर ‘बेळगावी’ दिसलं तर ती शुद्धलेखनाची भानगड नाही, कोण कुठलं नाव धरतो ते त्यातून कळतं. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या बोर्डावर वर कन्नड, मग हिंदी, मग इंग्लिश, त्या क्रमाचाही अर्थ आहेच. फाँट पण बघायचा. शिवजयंतीच्या बॅनरला जाड, तलवारीसारखी टोकं असलेली अक्षरं, नाजूक फाँट टाकला तर मंडळाची पोरं म्हणतात, हे काय साड्यांचं दुकान वाटतंय बे. एक शब्द बदलायला सांगत नाहीत, फक्त अक्षराचं अंग बदलायला सांगतात.

चौथं, रंग. ह्याच्यात लोक फार फसतात कारण त्यांना वाटतं लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे बरं, संपलं. रंगाला एकटा अर्थ नसतो, तो शेजारी काय आहे बघून अर्थ घेतो. पिवळा आणि लाल घ्या. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला लागले तर हळद-कुंकू. तेच दोन रंग १ नोव्हेंबरला राणी चन्नम्मा चौकात झेंडा होऊन फडकले की राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिवस, आणि गंमत अशी की तो झेंडाही हळद-कुंकवाचाच रंग सांगतात. त्याच दिवशी शहराच्या दुसऱ्या भागात मराठी माणसं काळे कपडे घालून, काळ्या फिती लावून सायकल फेरीत असतात, १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचनेत बेळगाव आत्ताच्या कर्नाटकात गेलं, त्याचा निषेध म्हणून. घोषणा ऐकू आली नाही तरी रंगावरून कळतं कोण कुठल्या बाजूला. आणि हाच काळा रंग मी आण्णांच्या फ्लेक्सच्या चौकटीला वापरला होता, तिथं त्याचा राज्याशी काय संबंध नाही.

हिरव्याचं तर फारच सांभाळा. माझा मावसभाऊ कडोलीकडं भाजी करतो. एकदा बिनदस्ताना, बिनरुमाल औषध मारत होता, मी म्हटलं अरे तोंडाला बांध की, तर बाटलीवरचा हिरवा दाखवून म्हणतो, हिरवं आहे, काय होत नाही, झाडपाल्याचं असणार. त्याच्या डोक्यात बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका, चौकोनात गोल, म्हणजे शाकाहारी. बाटलीवर मात्र उभा हिऱ्यासारखा चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत. लाल म्हणजे सगळ्यात जहाल विष, वरच्या भागात कवटी आणि हाडं, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. म्हणजे हिरवा हा विषांच्याच रांगेतला शेवटचा आहे, रांगेच्या बाहेरचा नाही. रंग तोच, आकार बदलला, वस्तू बदलली, अर्थ पार उलटा. म्हणून कुठलीही खूण बघताना तीन प्रश्न: कुठल्या आकारात, कशावर, आणि तिच्या बरोबरच्या बाकीच्या खुणा कुठल्या. मैलाचा दगड बघा, त्याचं डोकं पिवळं असलं तर राष्ट्रीय महामार्ग आणि हिरवं असलं तर राज्य महामार्ग, तिथं हिरव्याचा शाकाहाराशी काय संबंध. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. हे सगळं शेवटी मला मावसभावाला घरी बसवून समजवावं लागलं. आता रुमाल बांधतो, दस्ताने अजून नाही.

पाचवं काम सगळ्यात महत्त्वाचं, शब्द आणि चित्र एकमेकांशी काय करतात ते बघा. तीन गोष्टी होतात. एक, दोघं तेच बोलतात, नारळाचं चित्र आणि खाली ‘नारळ मिळतील’. दोन, एकमेकाला पुरं करतात. तीन, भांडतात. रोलाँ बार्थ नावाच्या फ्रेंच माणसानं १९६४ मध्ये पास्त्याच्या एका जाहिरातीवर लिहिलं होतं. जाळीची पिशवी अर्धी उघडी, त्यातून पास्त्याची पाकिटं, टोमॅटो, कांदा, ढबू मिरची बाहेर आलेली. तो म्हणाला पिशवी सांगते आत्ताच बाजारातून ताजं आणलंय, टोमॅटो-मिरचीचे रंग सांगतात की हे इटलीचं आहे, आणि कंपनीचं नावसुद्धा फ्रेंच कानाला इटालियन ऐकू येतं. शब्दाचं काम काय तर चित्राचे दहा अर्थ होत असतात, त्यातला एक पकडून खुंटीला बांधायचा. आपल्याकडं कुंद्याचा डबा बघा. डब्यावर नुसता किल्ल्याचा फोटो असेल तर कुणाला काय कळणार, पर्यटन खात्याचं वाटेल, वर ‘बेळगावचा प्रसिद्ध कुंदा’ लिहिलं की किल्ल्याचं काम ठरलं: ही मिठाई इथली, जुनी, भरवशाची. किल्ल्यात कुंदा करत नाहीत तरी.

भांडण ओळखायला शिकलात तर पैसे वाचतात. एका शाळेचं ॲडमिशनचं पत्रक माझ्याकडं आलेलं, मजकूर त्यांचा तयार होता, ‘आपल्या मातीचे संस्कार, मातृभाषेला प्राधान्य’ वगैरे, आणि फोटो दिलेले सगळे नेटवरचे, गोरी सोनेरी केसांची पोरं, टाय, मागं लाल विटांची इमारत. मी विचारलं सर, शाळेचाच एखादा फोटो देता का, तर म्हणाले इमारतीचं काम चालू आहे. पालक म्हणून तुम्ही असलं पत्रक हातात घेतलं की दोन रकाने करा, डावीकडं शब्द काय म्हणतात, उजवीकडं चित्र काय म्हणतं, आणि जिथं जुळत नाही तिथं बोट ठेवून शाळेत जाऊन विचारा.

आता पत्रिका. ही माझी आवडती, कारण एवढ्याशा कार्डात सगळं असतं. आमची आजी शाळेत गेली नव्हती. पोस्टमननं काही दिलं की ती आधी कोपरे बघायची. हळद लागलेली असली तर देवापुढं. पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असला तर घरात आणायचीच नाही, बाहेर ओट्यावरच कुणाकडून तरी वाचून घ्यायची आणि तिथंच फाडून टाकायची. लिहिलेलं एक अक्षर तिला येत नव्हतं आणि बातमी सगळ्यात आधी तिला कळायची.

मागं एक काम आलेलं, मुलगा यळ्ळूर रोडचा, मुलगी गोकाककडची, मुलीकडचे पाहुणे कन्नडच वाचणारे. दुमडीचं कार्ड, एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड. छापायच्या आदल्या दिवशी दोन्हीकडचे मामा दुकानात. वाद मजकुरावर नव्हताच, उघडल्यावर कुठली बाजू आधी दिसणार ह्यावर. मी चहा सांगितला, आणि एक चहा सांगितला, शेवटी दोन सुटी पानं केली, एकाच पाकिटात, दोन्हीवर तोच गणपती तेवढाच, तीच बॉर्डर, पाकिटावर नुसतं स्वस्तिक आणि दोघांची नावं. कुठलं पान वर येईल ते पाकिटात घालणाऱ्या पोरांच्या हातात. मग वाचायला घ्या: वर ‘श्री जोतिबा प्रसन्न’ एकीकडं आणि ‘श्री रेणुका यल्लम्मा प्रसन्न’ दुसरीकडं, ह्यावरून कुठली बाजू मुलाची ते ओळखीच्यांना कळलं. मुहूर्ताचा आकडा सगळ्यात ठळक कारण तो लांबनं चष्म्याशिवाय दिसला पाहिजे. ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ ही ओळ कायम नागमोडी, बारक्या पोरांच्या हातची वाटावी अशी, ती सरळ फाँटमध्ये टाकली तर तहसीलदाराचा हुकूम वाटतो. आणि मुलीच्या वडिलांच्या नावामागं श्री. च्या जागी कै., बाकी नाव त्याच ठिकाणी, त्याच आकारात, निमंत्रण देणाऱ्यांत पहिलं. ते लहान करू का असं मी विचारलं होतं. मुलीचा भाऊ म्हणाला, नको, आहे तिथंच राहू दे. त्या दोन अक्षरांनी सांगितलं की ते गेलेत, आणि जागेनं सांगितलं की ह्या घरात अजून त्यांचाच मान पहिला.

राहिला आवाज आणि हावभाव. व्हिडिओ आला की माझी एक सवय आहे, तुम्हीही करा. एकदा आवाज बंद करून बघा, मग मोबाईल पालथा घालून नुसता ऐका, मग दोन्ही एकत्र. पावसाळ्यात पुराचे व्हिडिओ फिरतात, ‘आत्ताचा, आपल्याच भागातला’ म्हणून. आवाज चालू असला की मागं घाबरलेला माणूस मराठीत ओरडत असतो आणि आपण आपला भाग समजून बसतो. म्यूट करा. मग दिसतं की वाहून चाललेल्या गाडीच्या नंबरप्लेटवर बेळगावचा केए २२ नाही, दुकानाचा बोर्ड गोल-गोल अक्षरांचा आहे खरं कन्नडची अक्षराच्या डोक्यावरची ती आडवी रेघ, तलेकट्टू, ती नाही, म्हणजे बहुतेक मल्याळम, म्हणजे केरळ. आवाज नंतर कुणीतरी चिकटवलेला. एकत्र बघताना हे सुटतं कारण डोकं दोन्हीला जोडून एक तिसरंच काहीतरी तयार करतं. हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही, १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय, व्हिडिओत ओठ ‘गा’ म्हणतायत आणि आवाज ‘बा’ चा लावलाय, तर बऱ्याच लोकांना ‘डा’ ऐकू येतं. जे कुणी म्हटलंच नाही ते.

हावभावासाठी मात्र व्हिडिओ नको, वैशाखातल्या शिवजयंतीला बेळगावात या आणि चित्ररथाच्या मिरवणुकीला रात्रभर उभे राहा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर देखावा, संवाद आधी रेकॉर्ड केलेले, पोरं नुसते हात-तोंड हलवतात, लाईट लाल झाला की लढाई आणि निळा झाला की रात्र. एका वर्षी आमच्यासमोर एका मंडळाचा जनरेटर बसला. आवाज गेला, लाईट गेला, महाराज झालेला पोरगा तलवार वर करून तसाच उभा, त्यानं हात खाली घेतला नाही. दोन सेकंद कुणाला काही कळलं नाही, मग गर्दीतूनच घोषणा सुरू झाली, मोबाईलचे टॉर्च लागले, आणि जनरेटर चालू होईपर्यंत देखावा लोकांनीच चालवला. शब्द नाही, संगीत नाही, एका हाताच्या जोरावर. त्या जागी त्यानं हात खाली घेऊन कपाळाचा घाम पुसला असता तर तो कॉलेजचा पोरगा झाला असता.

शेवटी एक उपयोग सांगतो जो मला स्वतःला झाला. मला कन्नड बोलता यायचं, वाचता यायचं नाही, आणि वाचायला मी शिकलो ते बसच्या बोर्डांवरून. कारण तिथं बाकीचे मोड आधीच सांगून ठेवतात, बस कुठल्या फलाटाला लागली, कंडक्टर काय ओरडतोय, कुठल्या गावची माणसं चढतायत, म्हणजे शब्द तुम्हाला माहीतच असतो, फक्त अक्षर त्याला जोडायचं. गोकाकपासून सुरू करा, त्यात दुसरं आणि तिसरं अक्षर एकाच घरचं, क, दुसऱ्याला काना. मग बेळगावी आणि बेंगळूरु शेजारी-शेजारी बघा, दोन्हीचं पहिलं अक्षर तेच. रोज एक गाव धरलं तरी महिन्याभरात निम्मी बाराखडी होते. निपाणीच्या गाडीवर थोडं थांबा, तिथं प च्या खाली आणि एक बारका प लोंबकळताना दिसेल, ती पेंटरची चूक नाही, कन्नडमध्ये ते निप्पाणी आहे.